जावयाचं घड्याळ

लोक लेकीकडे लोणची पाठवतात, भाजणी पाठवतात, एखादा हौशी बाप लोखंडी कपाट पाठवतो. विद्याधर केळुसकरांनी कान पाठवला. तोही जावयाच्या मनगटावर बांधून, औक्षण करून, धोंड्याच्या महिन्यात.

केळुसकर पुण्यात 'कालनिधी विमा' या कंपनीत वसुली अधिकारी होते. वसुली म्हटलं की दंडुकेवाले डोळ्यांसमोर येतात, पण त्यांचं काम चोरीला गेलेली घड्याळं परत आणायचं. कंपनी विमा उतरवायची तो फक्त घड्याळांचा, आणि तीही तुमच्या-आमच्या हातातली नव्हेत. एकेकाची किंमत ऐकून माणसाची दातखीळ बसावी. फोनवर वेळ फुकट दिसत असताना लोक असली चाकांची घड्याळं का घेतात, हा प्रश्न केळुसकरांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी सोडून दिला होता. लोक घेतात, मिरवतात, चोर ती पळवतात, आणि मग आपला पगार होतो, एवढं त्यांना पुरे होतं.

पूर्वी असं घड्याळ गेलं की गेलंच. चोर नंबर खरवडायचा, पट्टा बदलायचा, परदेशात विकून मोकळा व्हायचा. मग 'श्रवणी' ही यंत्रणा आली. कल्पना तशी साधी. चाकांच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला एकच आवाज वाटते, पण प्रत्येक टिक म्हणजे तीन बारीक ठोके असतात. आतलं बॅलन्सचं चाक झोका घेताना एका चिमुकल्या काट्याला ढकलतं, काटा दातेरी चाकाचा एक दात सोडतो, आणि पुढचा दात येऊन अडतो. सेकंदाला आठ वेळा हे चाललेलं असतं. आता हे दात कितीही निगुतीने कापले तरी अगदी सारखे होत नाहीत. केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असा फरक राहतोच, आणि चाकाचा फेरा पुरा झाला की तेच फरक त्याच क्रमाने पुन्हा ऐकू येतात. माणसाच्या अंगठ्याचा जसा ठसा, तसा घड्याळाचा हा नादठसा. घड्याळ चालू आहे तोवर तो लपवता येत नाही.

तो ऐकणार कोण? तर सगळेच. फोनमधले माइक तोवर इतके तिखट झाले होते की खोलीतल्या घड्याळाची टिकटिक त्यांना सहज कळे. विमा कंपन्यांनी हप्त्यात सूट देऊ केली, फोनवाल्यांनी अटींच्या रामायणात एक ओळ घुसवली. अटी कोण वाचतो? बघता बघता देशातला जवळपास प्रत्येक फोन चोरीच्या घड्याळांच्या यादीवर कान ठेवून बसला. आम्ही कोणाचं बोलणं ऐकत नाही, फक्त टिकटिक ओळखतो, असं कंपनी शपथेवर सांगायची. ते खरंही होतं.

श्रवणीला आणखी एक गोष्ट कळायची, जी ती बनवणाऱ्यांनाही आधी सुचली नव्हती. चाकांचं घड्याळ आडवं ठेवलं की किंचित वेगळं चालतं, उभं धरलं की वेगळं, अंगाची ऊब लागली की आणखी वेगळं. म्हणजे नुसत्या टिकटिकीवरून सांगता येतं की घड्याळ टेबलावर आहे की मनगटावर, हात लोंबतोय की उशीखाली आहे. आणि हाताला धक्का बसला की बॅलन्सचा झोका क्षणभर विस्कटतो. त्या धक्क्यांचा आलेख पडद्यावर उमटायचा. तो वाचण्यात केळुसकरांचा हात धरणारा कोणी नव्हता. हा हात स्कूटर चालवतोय, हा तबला वाजवतोय, याने घड्याळ पडलं म्हणून दावा केलाय पण खरं तर भिंतीवर फेकून मारलंय, हे ते चहाचा घोट घेता घेता सांगत.

एकदा असाच एक आलेख घेऊन ते पोलिसांबरोबर एका बंगल्यात गेले होते. आलेखात संध्याकाळच्या वेळी जोरकस, एकापाठोपाठ एक धक्के होते, आणि ते कशाचे हे त्यांना तेव्हा उमगलं नव्हतं. दार उघडणाऱ्या बाईचा डोळा काळानिळा होता. घड्याळ मिळालं, चोर सापडला, केळुसकरांची पाठ थोपटली गेली. पण तो आलेख त्यांच्या डोक्यात रुतून बसला तो बसलाच.

ऋता ही त्यांची एकुलती एक लेक. तिची आई श्यामला फुप्फुसांच्या दुखण्याने गेली तेव्हा ती कॉलेजात होती. पुढची वर्षं बापलेकीने एकमेकांना सांभाळत काढली. लग्न होऊन ती नागपूरला गेली, तेव्हा केळुसकर कार्यालयात सगळ्यांशी हसून-खेळून वागले आणि घरी येऊन एकट्यापुरता कुकर लावताना रडले.

पुढे अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायचं तर हात आखडता का घ्यायचा? कंपनीत एक पद्धत होती. दाव्याचे पैसे मालकाला देऊन झाल्यावर घड्याळ सापडलं तर ते कंपनीचं होतं, आणि अशी घड्याळं वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांना कमी भावात मिळत. केळुसकरांनी स्वतःच शोधून काढलेलं एक निळ्या तबकडीचं स्विस घड्याळ घेतलं. बहिणीने तेहेतीस अनारसे करून दिले. लेक-जावई पुण्याला आले, पाटावर बसले, दिवा ओवाळून झाला.

"बाबा, एवढं महागाचं कशाला?" जावई अनुप बोकारे खरोखरच अवघडला. "मी तर दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून राहतो. मला कोण पाहते?"

"असू द्या हो अनुपराव. जावई म्हणजे दशमग्रह. शांत केलेला बरा."

"आमचा ग्रह शांतच असतो रे बाबा," ऋता म्हणाली. "सकाळी उठवायला तीन अलार्म लागतात. हे स्विस काय त्याला उठवणार?"

सगळे हसले. अनुपने वाकून नमस्कार केला, आणि केळुसकरांना जावई एकदम पसंत पडला. पोरगा मऊ होता, हसताना मान खाली घालायचा.

नियम असा होता, की घड्याळ विकलं गेलं की त्याचा ठसा शोधाच्या यादीतून काढून टाकायचा. काढायचं काम ज्याची फाइल त्याचं. फाइल केळुसकरांची होती. ते विसरले म्हणावं तर विसरले नव्हते. बटणावर बोट ठेवून ते थांबले. यादीत ठसा राहिला तर काय बिघडतं? इशारा फक्त आपल्यालाच येणार, आणि आपण तो पुढे पाठवल्याशिवाय पोलिसांना कळणारही नाही. रोज सकाळी पडद्यावर ओळ दिसेल, 'नागपूर. मनगटावर. हालचाल नेहमीची.' जावई ठीक, म्हणजे लेक ठीक. फोन करकरून 'बरी आहेस ना' विचारणाऱ्या बापापेक्षा हे बरं. कोणाला त्रास नाही, कोणाला कळणं नाही. त्यांनी बोट उचललं.

वर्षभर ती ओळ त्यांना पत्रासारखी येत राहिली. मग ऋता बदलली.

आधी तिचे फोन लहान झाले. मग ती फोनऐवजी लिहूनच पाठवू लागली. व्हिडिओ तर बंदच. दिवाळीला येते म्हणाली, आली नाही. गौरींना येते म्हणाली, आली नाही. केळुसकरांनी कधी फोन लावलाच तर चार वाक्यांत तिचा आवाज दाटायचा, "ठेवते बाबा, मग करते," म्हणून ती ठेवून द्यायची. लेकीचा आवाज दाटला की बाप काय समजणार? एकदा फोन अनुपने उचलला आणि म्हणाला, "ती झोपली आहे बाबा." भर सकाळी!

त्याच सुमाराला आलेखात धक्के आले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एकापाठोपाठ एक, जोरकस, मग थोडा थांबा, मग पुन्हा. स्कूटर नव्हे, तबला नव्हे. केळुसकरांनी जुन्या केसचा तो आलेख काढून शेजारी ठेवला. धक्के सारखेच दिसत होते.

परवीन दलवाई श्रवणीचं तांत्रिक काम पाहायची. रत्नागिरीकडची, तिशीतली, तोंडाने फटकळ पण मनाने सरळ. केळुसकरांनी ठिकाण झाकून तिला दोन्ही आलेख दाखवले.

"सारखे दिसतात ना?"

"दिसतात सर. पण नवीन जास्त नियमित आहे. माणूस रागाने मारतो तेव्हा असं मोजूनमापून मारत नाही."

"काही मारतात. सवय झालेले."

"हात कसा आदळला ते हा आलेख सांगतो. कशावर आदळला आणि का, ते नाही सांगत. कोणाचं आहे हे? ओळखीतलं आहे का? मग सरळ विचारा की."

"ओळखीतलंच आहे," केळुसकर म्हणाले. "पण तिथे असं विचारता येत नाही."

परवीनने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सर, विचारायला जीभ लागते, यंत्र नाही लागत."

जीभ होती. पण ती उचलायची कशी? लेकीच्या संसारात नाक खुपसायचं नाही, हे केळुसकरांनी आपल्या आईकडून ऐकलं होतं आणि लग्नाच्या दिवशी स्वतःला बजावलं होतं. 'तुझा नवरा तुला मारतो का?' हे वाक्य बापाने लेकीला विचारायचं म्हणजे केवढी लाज, दोघांचीही. आणि आपल्याला कळलं कसं, याचं उत्तर काय देणार? तरीही त्यांनी एका रविवारी फोन लावला.

"काय चाललंय ऋता?"

"काही नाही रे. नेहमीचंच."

"अनुपराव बरे आहेत ना? म्हणजे... वागायला वगैरे?"

"असं का विचारतोस?" ती एकदम सावध झाली. मागे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. तिने श्वास ओढला, तो हुंदक्यासारखा वाटला. "अनुप खूप करतो माझं. खूप. तू काळजी नको करूस."

"मी येऊ का चार दिवस?"

"नको!" हे ती ओरडून म्हणाली. "आत्ता नको बाबा. प्लीज. मी सांगेन तेव्हा ये."

फोन बंद झाला. 'खूप करतो माझं' हे त्या बंगल्यातली बाईही म्हणाली होती.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते रागाच्या भरात केलं असतं तर निदान समजून घेता आलं असतं. त्यांनी ते पुरता विचार करून केलं. अनुपच्या हातातलं घड्याळ अजून चोरीच्या यादीत होतं. इशारा पुढे पाठवला की नागपूरचे पोलीस दारात. श्रवणीच्या नोंदीवर धरलेल्याला पहिल्या सुनावणीपर्यंत जामीन नाही, असा कायदा कंपन्यांनीच करून घेतला होता. चार दिवस आत बसेल, मस्ती उतरेल. तेवढ्यात आपण जायचं, लेकीला घेऊन यायचं. मग कागद दाखवायचे, कंपनीची चूक झाली म्हणायचं, सोडवायचं. मारहाणीचा शब्दही निघणार नाही. लेकीला लाज नाही, घराची बदनामी नाही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. एक अवघड प्रश्न विचारण्यापेक्षा जावयाला चोर ठरवणं केळुसकरांना सोपं वाटलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी बटण दाबलं. संध्याकाळी पडद्यावर ओळ आली, 'घड्याळ हस्तगत.'

ऋताचा फोन येईल म्हणून ते वाट पाहत बसले. आला नाही. त्यांनी लिहून पाठवलं, ते वाचलं गेलं नाही. लाजली असेल, त्यांना वाटलं. नवरा पोलिसांनी नेलाय हे बापाला कोणत्या तोंडाने सांगणार? लगेच विमान पकडलं तर हिला संशय यायचा, आपल्याला न सांगता कळलं कसं म्हणून. दुसरा दिवसही त्यांनी पुण्यातच काढला. त्या दुसऱ्या दिवसाबद्दल ते स्वतःला कधीही क्षमा करणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी ते नागपूरला ऋताच्या दारात उभे राहिले, तेव्हा समोरच्या घाटोळेकाकू धावतच बाहेर आल्या.

"तुम्ही पोरीचे वडील ना? आले ते लय बेस झालं बघा. जावईबापूले पोलीस घेऊन गेले, पोरीचा फोनही घेऊन गेले, पुरावा म्हणून. तेव्हापासून दारच नाही उघडून राहिली. मी डबा ठेवला, तो तसाच पडून हाय."

"तुम्ही दार ठोकलं नाहीत?"

काकूंनी पदर चाचपला. "खोकते ना ती सारखी. सोसायटीत लोक टीबी म्हणून राहिले होते. म्हणून ती कोणाच्या समोरच नाही येत."

खोकते? केळुसकरांना काही कळेना. त्यांनी दार ठोकलं, हाका मारल्या. "ऋता, बाबा आलोय गं." बऱ्याच वेळाने आतून कडी सरकली.

दार उघडून ती तशीच भिंतीला धरून खाली बसली होती. ओठ निळसर पडलेले. मान पुढे, खांदे वर, प्रत्येक श्वासाला सगळं अंग कामाला लागलेलं. चेहऱ्यावर, हातांवर मारल्याची एकही खूण नव्हती. तिने काही बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला. खोल, ओला, खालपासून खरवडत येणारा. तो आवाज केळुसकरांना पाठ होता. श्यामलाचा होता तो.

ती पलंगापर्यंत कशीबशी गेली आणि उशीवर पालथी झाली. "मार," ती म्हणाली.

"काय?"

"पाठीवर. मार बाबा. जोरात." श्वास. "अनुप मारतो तसं."

केळुसकरांचे हात लोंबत राहिले. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. अजून कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी कळलं. सकाळ-संध्याकाळ, एकापाठोपाठ एक, मग थोडा थांबा, मग दुसरी बाजू.

"ओंजळीसारखा कर हात," ती उशीत म्हणाली. "पोकळ. खालून वर."

त्यांनी हात पोकळ केला आणि मारलं. फार हळू लागलं. पुन्हा मारलं, ते चुकीच्या जागी. ती कण्हली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांचे धक्के वाचणाऱ्या माणसाला आपल्या लेकीची पाठ थोपटता येईना. कफ हलत नव्हता. फोन लावल्यावर रुग्णसेवेच्या डॉक्टरने आधी खोकल्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितला. रडत रडत त्यांनी तिच्या तोंडाशी फोन धरला. आवाज ऐकून डॉक्टर एवढंच म्हणाला, "गाडी निघाली."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. श्वासनळ्या जागोजागी सैल होऊन फुगल्या आहेत, त्यांत कफ साचतो. तो आपणहून बाहेर येत नाही, दिवसातून दोनदा पाठ थोपटून मोकळा करावा लागतो. थोपटणारं जॅकेट मिळतं, पण तिला ते सोसत नव्हतं. नवरा मुद्दाम शिकून घेऊन हाताने करायचा, फार छान करायचा. तीन दिवस थोपटणं चुकलं, साचलेल्या कफात जंतू वाढले. "उजवं फुप्फुस खालून गेल्यात जमा आहे," त्या म्हणाल्या. "वाचेल. पण आता पूर्वीसारखी नाही राहणार. हा आजार पुरता बरा होत नाही, खोकला तर जन्माचा आहे. एवढे दिवस कोणी घरात नव्हतं का?"

केळुसकरांनी त्याच दिवशी पोलिसांना लिहून दिलं की घड्याळ माझं, चूक माझी. संध्याकाळी अनुप थेट दवाखान्यात आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. तो त्यांच्याकडे न पाहता आत गेला, ऋताला कुशीवर वळवून त्याने थोपटायला सुरुवात केली. तोच ताल, तोच थांबा. आलेखात पाहिलेला. केळुसकर काचेबाहेर उभे राहून पाहत होते.

तो बाहेर आला आणि बाकावर बसला. "तुम्ही दिलं म्हणून घालत होतो बाबा," तो म्हणाला. "हात हलला तरच चावी बसते ना त्याला? माझा हात तर माऊसवरच असते. सारखं बंद पडे. ऋताच म्हणाली, थोपटताना घालत जा. म्हणे, बाबांनी एवढ्या हौसेने दिलंय, बंद नको पडायला."

केळुसकर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"ठाण्यात साहेबाने मला नोंद दाखवली," अनुप पुढे म्हणाला. "इशारा कोणी पाठवला ते नाव होतं तिथे. मी त्यांना सांगत राहिलो, बायकोला सकाळ-संध्याकाळ थोपटावं लागते, एक तास सोडा, हातकडी घालून न्या. ते हसले. मी म्हटलं, सासऱ्याला फोन करा, ते सांगतील घड्याळ त्यांनीच दिलं. तर साहेब म्हणाला, त्यांनीच तर पाठवलं आम्हाला." तो पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "चूकच होती ना ती?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. कंपनीची चूक, यंत्राची चूक. पण त्या पोराच्या तोंडाकडे पाहून केळुसकरांना खोटं बोलवेना.

"मला वाटलं, तुम्ही तिला मारता."

अनुपने मान खाली घातली. हसताना घालायचा तशीच. नंतर तो त्यांच्याशी एक शब्दही बोलला नाही.

ऋताला बोलता यायला आठवडा गेला. तोवर अनुपने तिला सगळं सांगितलं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी, आवाज कागद चुरगाळल्यासारखा.

"आई गेल्यावर तुला कोणाचा खोकला सहन व्हायचा नाही," ती म्हणाली. "बसमध्ये कोणी खोकलं तरी तू उतरून जायचास. मग मी कसं सांगणार होते? थोडी बरी झाले की सांगू, असं करत करत राहिलं."

"माझं चुकलं गं."

"कधीपासून ऐकत होतास?"

"पहिल्या दिवसापासून."

"आम्ही भांडायचो तेव्हा? आम्ही झोपायचो तेव्हा?"

"बोलणं नाही ऐकू येत त्यात. फक्त..."

"विचारलं का नाहीस बाबा?" तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. "एकदा विचारायचंस. मी रडले असते, भांडले असते, पण सांगितलं असतं. तू सगळं ऐकलंस आणि मला काही विचारलं नाहीस."

केळुसकर तिच्या पायांशी बसून लहान मुलासारखे रडले. तिने पाय मागे घेतले नाहीत, हातही पुढे केला नाही. ते उठून निघाले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आम्ही कुठेतरी लांब जाणार आहोत. कुठे ते विचारू नकोस, आणि शोधूही नकोस. कबूल कर." त्यांनी मान हलवली. तिने ते पुन्हा तोंडाने म्हणायला लावलं. ते म्हणाले, "कबूल."

फ्लॅट विकला गेला. फोन नंबर बंद झाले. केळुसकरांच्या बहिणीला एक निरोप आला, की आम्ही ठीक आहोत, बाबांची औषधं बघत जा. त्यानंतर तिलाही काही आलं नाही. कंपनीने चौकशी केली आणि केळुसकरांना ताकीद देऊन सोडलं. महिनाअखेरीला यंत्राने आपणहून पाठवलेला अभिनंदनाचा संदेशही त्यांना मिळाला. निळ्या तबकडीचं घड्याळ यशस्वीरीत्या परत मिळवल्याबद्दल होता तो.

दीड-दोन वर्षांनी श्रवणीला नवं काम मिळालं. कालनिधीने आरोग्यविम्यातही हात घातला होता. "खोकल्याचाही ठसा असतो सर," परवीनने सांगितलं. "घशाची ठेवण, छातीची पोकळी, कफ कुठे अडतो, सगळं त्यात येतं. कोणाला लपवलेला आजार आहे ते विमा उतरवण्याआधीच कळणार." तिला स्वतःलाच हे आवडलेलं नव्हतं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने विचारलं, "सर, तुम्ही असलं काही करणार नाही ना?"

"नाही गं," केळुसकर म्हणाले.

ऋताच्या खोकल्याचा तो रेकॉर्ड केलेला आवाज त्यांच्या फोनमध्ये होता. इतक्या दिवसांत तो त्यांनी एकदाही लावला नव्हता, आणि पुसलाही नव्हता. कबूल केलेलं त्यांना आठवत होतं. तिचे पाय, ती नळी, सगळं आठवत होतं. तरी एका सकाळी कचेरीत कोणी यायच्या आत त्यांनी तो शोधाच्या यादीत घातला. फक्त ती आहे, एवढं कळलं तरी पुरे. कुठे आहे ते आपण बघणारही नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पडद्यावर ओळ आली, 'आढळ नाही.'

दुसऱ्या दिवशीही तीच. महिना गेला, पावसाळा गेला, ओळ तीच. देशभरातले कोट्यवधी फोन कान लावून बसले होते आणि त्यांतल्या एकालाही ऋता खोकताना ऐकू येत नव्हती. कदाचित ती फोन नसलेल्या एखाद्या गावात राहत असेल. पण अशी गावं आता उरली होती कुठे? कदाचित बरी झाली असेल. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हा खोकला जन्माचा आहे. म्हणजे जोवर ती आहे, तोवर तो आहे. याच्या पुढचा विचार मनात आला की केळुसकर उठून खिडकीशी जातात आणि बऱ्याच वेळाने परत येऊन बसतात.

यंत्र चुकत असेल, असं ते रोज स्वतःला सांगतात. जन्मभर त्यांनी लोकांना उलट सांगितलं होतं, की यंत्र चुकत नाही. कचेरीला निघताना देवासमोर उभे राहिले की आता ते दुसरं काही मागत नाहीत. आपल्या लेकीचा खोकला एकदा तरी ऐकू येऊ दे, एवढंच मागतात.